सातव्या भागाचं मुद्रित

गांधीबागेतल्या छापखान्यात
मागच्या खोलीत, जिथे कागदाची रिळं
आणि मालकाची बंद पडलेली स्कूटर एकत्र राहतात,
मी नंदनवारांची मुद्रितं तपासते.
सहा भाग झाले. नऊ वर्षं.

त्यांच्या गोष्टीतल्या शहराला नाव नाही.
टेकडीवर किल्ला आहे, खाली दगडी खांब,
चार घोडे निघायच्या बेतात
आणि निघत नाहीत.
खांबाखाली तळघर.
दरबारात जो शब्द राजाला खुपतो
तो पुसत नाहीत तिथे, बरणीत भरतात,
झाकणावर लाख, लाखेवर तारीख.
रात्री बरण्यांतून आवाज येतो,
लोणच्याला बुरशी धरताना येत असेल तसा.

अळवी त्या बरण्यांची राखणदार.
दंडनायक शरभ रोज नव्या बरण्या आणतो.
त्यातल्या निम्म्या शब्दांच्या धन्यांना
त्यानंच आदल्या रात्री नदीत सोडलेलं असतं.
पहिल्या भागात ती त्याच्याकडे बघतही नाही.
दुसऱ्यात म्हणते, "दार लोटा, वारा येतो."
तिसऱ्यात एक बरणी हातातून हातात जाते,
हातमोज्यातून बोट बोटाला लागतं,
आणि त्यावर अकरा पानं.

वाचकांची पत्रं येतात छापखान्यावर.
उमरेडच्या एका मास्तरीणबाईंचं :
"राजा मेला तरी चालते बाप्पा,
पण हे दोघं काहून असे करून राहिले?"

नंदनवार हसतात. कापडी पिशवीतून
पानं काढतात, दोरा सोडतात,
आणि माझं वाचून होईस्तोवर
समोरच्या स्टुलावर बसून राहतात.
चहा आला की बशी माझ्याकडे सरकवतात.
एवढंच. नऊ वर्षं एवढंच.

डिसेंबरात येत नाहीत.
अधिवेशन असतं. बर्डीचे रस्ते बंद,
मोर्च्याचे भोंगे थेट इथवर,
आणि ते सभागृहात खाली मान घालून
बोललेलं सगळं लघुलिपीत उतरवतात.
मग वरून हुकूम होतो, हे काढून टाका.
ते काढून टाकतात.
मी एकदा विचारलं, कोणते शब्द होते?
म्हणाले, "मॅडम, शपथ आहे."
बशीतला चहा निवला, तेव्हा :
"जागा मात्र आठवते. शब्द गेला तरी
वाक्यात त्याची जागा थंडच राहते."

हे चौथ्या भागात आलं, पान एकशे दोन.
मी फक्त एक स्वल्पविराम घातला.

माझंही काम तेच म्हणा.
लाल पेन, शब्दावर रेघ, समासात शेपटीची खूण.
कुणाला नदीत सोडलं नाही, इतकंच.

आज सातवा भाग. पान दोनशे अठरा.
किल्ल्याला आग, राजाच्या जिभेवर केस उगवलेत,
शरभ तळघरात येतो, न सांगता दार लोटतो,
हातमोजा काढतो. पहिल्यांदा.
सहा भाग वाचले, तपासले,
आणि मला माहीत नव्हतं
की त्याच्या डाव्या हाताला करंगळी नाही.

अळवी काहीतरी बोलते.
मुद्रितात ती ओळ नाही.
हस्तलिखितात आहे, त्यांनी स्वतःच खोडलेली,
पट्टी लावून, सरळ, सरकारी रेघ.
खिडकीशी धरलं तर वाचता येते.
पाच शब्द. त्यातला एक
आमच्या गल्लीतल्या चहावाल्याचं नाव.

अळवीच्या शहरात चहा नाही.

बाहेरून ऑपरेटर ओरडतो,
"ताई, फर्मा लावू काय? मालक खेकसून राहिले."
थांब म्हटलं.
बंद स्कूटरवर बसून राहिले थोडा वेळ,
हँडल उगाच एकदा उजवीकडे वळवलं.

मग खोडलेल्या ओळीखाली
ठिपके दिले, एकेका शब्दाखाली, सावकाश.
आमच्या धंद्यात त्याचा अर्थ :
असू द्या.

चहावाल्याच्या नावात मात्र
सू दीर्घ पडला होता त्यांचा.
सुकरू.
ऱ्हस्व केला.